तटाच्या आतला आवाज

मालवणकरांनो, दुपारीच किल्ल्यातून परत आले, आणि तुम्हाला हे लगेच सांगायला हवं.

माझी मावशी लग्न होऊन किल्ल्यात गेली, ती आजही तिथेच राहते. घर समुद्राकडच्या तटाला लागूनच. आज तिचा बाजार घेऊन होडीने गेले होते. जेवल्यावर तटाला पाठ टेकून बसले. भरती लागली होती. एक लाट बाहेर आपटली आणि माझ्या पाठीमागे, दगडांच्या आत, पाणी गुळगुळ करत फिरलं. मी ताडकन उठले.

"भियालंस?" मावशी भांडी घासता घासता म्हणाली. "आदी ह्यो आवाज भायरसून येय होतो. आता आतसून येता."

"मग तुका भीती नाय वाटत?"

"माका कसली भीती गो! इतकी वर्सां उभो आसा तो तट."

निघताना चप्पल घालायला गेले, तर तिची खाट दाराशी. लग्न झाल्यापासून मावशी तटाकडच्या खोलीतच झोपत आलेली. विचारलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "हंयसर वारो बरो येता."

दारातल्या माडाची झावळीसुद्धा हलत नव्हती.

तुमचं कोणी आत राहत असेल तर भीती वाटते का, असं विचारू नका. खाट कुठे आहे, तेवढं बघून या.