पाठीवरचं नाव

आमच्या गावच्या मुलींचा खो-खो संघ यंदा जिल्ह्याला खेळला, तो भांड्यांच्या दुकानवाल्या शकुंतलाकाकूंमुळे. सगळा खर्च त्यांचा, म्हणून जर्सीवर मागे दुकानाचं नाव. खो देताना प्रत्येक थाप नेमकी त्या नावावर पडायची. यातून देणाऱ्याला काय मिळत असेल, असं मला पाहताना वाटत राहिलं.

मुली पहिल्याच सामन्यात हरल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचे सर ओशाळून दुकानात गेले. मीही सोबत होतो.

"काकू, तुमचं नाव काही झालं नाही."

काकू कळशी पुसत होत्या. "नावासाठी मी पेपरात जाहिरात दिली असती, सर. पोरी मनासारख्या खेळल्या ना?"

"जीव तोडून खेळल्या."

"मग पुढच्या वर्षी बूट एक नंबर मोठे घ्या. पाय वाढतील त्यांचे."