रॅल्फ ओनियन्सला विचारा

वेनफर्डमध्ये जेवायला कुठे जावं, हे परगावच्या माणसाने कुणालाही विचारलं तरी उत्तर एकच मिळायचं: रॅल्फ ओनियन्सला विचारा. बाजारचौकात दगडी खांबांचा जुना मंडप आहे. त्याच्याखाली बाकावर तो बसलेला असायचा. माझं लोकरीचं दुकान बरोबर समोर आहे. गिऱ्हाईक नसलं की मी विणत बसायचे आणि काचेतून त्याचा उद्योग बघायचे.

आडनाव ओनियन्स, म्हणजे सरळसरळ कांदे. पाहुणे हसायचे, तो त्यांना हसू द्यायचा. मग विचारायचा, "सकाळपासून चाललात किती?" आणि त्यानंतर, "घाईत आहात का?" पुढचं काही तो तोंडाने विचारायचा नाही, नुसता निरखून बघायचा. टेकड्या तुडवून आलेल्यांना तो प्लाऊ पबमध्ये धाडायचा. तिथे पिठाच्या कवचात खारवलेलं डुकराचं मांस, सफरचंद आणि कांदा भरून भाजलेला 'पाय' मिळतो, आमच्याकडचा जुना पदार्थ. बरोबर लहान मुलं असली तर पुलाजवळच्या खानावळीत, कारण तिथे जेवण यायला उशीर लागतो आणि मागच्या अंगाला बदकं आहेत. आणि नवरा-बायको एकमेकांकडे न बघता उभे असले तर थेट पार्जिटरबाईंच्या टीरूममध्ये. तिथली टेबलं इतकी लहान की गुडघ्याला गुडघा लागतो, आणि दोघांत मिळून चहाची एकच किटली येते.

"कुणीतरी कुणाला तरी ओतून द्यावंच लागतं," तो एकदा मला म्हणाला होता.

मला खरं कुतूहल वाटायचं ते पुढच्या भागाचं. ही माणसं जेवून परत निघाली की तो त्यांना पुन्हा गाठायचा. जेवण बरं होतं का, एवढ्यावर त्याचं भागायचं नाही. पायचं कवच मोडताना आवाज आला का? आधी वास कशाचा आला, लोण्याचा की सफरचंदाचा? बिअर कडू म्हणता, पण कशासारखी कडू? लोक आधी बिचकायचे, मग रंगात यायचे. एकदा एक उंच बाई चौकात उभी राहून दोन्ही हातांनी त्याला रश्श्याबद्दल काहीतरी समजावत होती, आणि तो मान पुढे काढून ऐकत होता. एवढी चौकशी करणारा माणूस स्वतः मात्र कधी सांगायचा नाही की मला अमुक आवडतं. मी विचारलं तर म्हणायचा, "मुरिएल वाढेल ते." मुरिएल त्याची बायको.

मी त्याला लहानपणापासून ओळखत होते. त्याचा धाकटा भाऊ पर्सी माझ्या वर्गात होता. गावाबाहेरच्या चढावर ओनियन्सांची सफरचंदाची बाग आहे, आणि त्यांचं सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, या भागात नावाजलेलं. त्यांचा बाप पिंपाच्या तोंडाशी नाक नेऊन सांगायचा, याला अजून महिना हवा, हे आज काढा. रॅल्फचं नाक बापापेक्षाही तिखट होतं. शाळेतून येताना तो आमच्या फाटकाशी थांबायचा आणि आई आत कसला मुरंबा करते आहे ते बाहेरून सांगायचा. तेव्हा पुढे बाग कोण बघणार, हा प्रश्नच नव्हता.

आणि मग लग्नाला दोन-एक वर्षं झाली असतील नसतील, तोच रॅल्फने बाग सोडली आणि बसवर ड्रायव्हर म्हणून लागला. गावाने हवं ते बोलून घेतलं. कुणी म्हणालं, मुरिएलला गावात राहायचं होतं. कुणी म्हणालं, दर आठवड्याच्या पगाराची चटक. बाप म्हणायचा, थोरल्याला मातीची लाज वाटायला लागली. पर्सी तेव्हा जिल्ह्याच्या गावी सुतारकाम शिकत होता. त्याला फार आवडायचं ते काम. बापाने त्याला परत बोलावलं, आणि तो आला. पुढे बाप गेला, बाग पर्सीची झाली. भावांचं भांडण असं कधी झालं नाही, पण पर्सी रॅल्फशी बोलायचा तो बसच्या ड्रायव्हरशी बोलावं तसा. हवापाणी, रस्ता, बस. रॅल्फ निवृत्त होऊन बाकावर बसायला लागला तरी तेच.

त्या वर्षी सुगीच्या प्रार्थनेनंतर नेहमीप्रमाणे सभागृहात सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. लांब टेबलं, कागदी झालरी, दारात भोपळे. आधी धुरी दिलेल्या माशांचा पाय, मग सफरचंदावर पिठाचा चुरा भाजून केलेलं क्रम्बल आणि त्यावर गरम कस्टर्ड. स्वयंपाकघरात त्या दिवशी सहा-सात बायका होत्या, आणि कुणाचं कुणाला कळत नव्हतं. मासे ज्या दुधात शिजवले ते दूध पुढच्या सारासाठी बाजूला काढून ठेवलं होतं. कुणीतरी त्याच दुधाचं कस्टर्ड केलं. कुणी केलं, ते आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही.

पहिला चमचा तोंडात गेला आणि सभागृह शांत झालं. धुराचा आणि माशाचा वास, वर साखर. आमचे पाद्री तेवढा घास गिळून पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिले. मी माझा घास रुमालात काढला. हळूहळू एकेक जण चमचा खाली ठेवू लागला, पण पलीकडच्या टेबलावर एक चमचा चालूच होता. रॅल्फ शेजारच्या बाईशी रस्त्याच्या कामाबद्दल बोलत होता आणि खात होता. वाटी संपवली, कडा खरवडली, आणि वाढणारीला म्हणाला, "कस्टर्ड आहे का थोडं आणखी?"

लोक हसले. त्यांना वाटलं गंमत करतोय. मुरिएलने त्याच्या मनगटावर हात ठेवला. तेव्हा त्याने मान वर केली, सगळ्यांच्या भरलेल्या वाट्या पाहिल्या, आणि त्याचा चेहरा असा काही उतरला की हसणं आपोआप थांबलं. समोर पर्सी बसला होता. तो भावाकडे बघत होता, मग त्याने स्वतःची वाटी उचलून हुंगली आणि परत भावाकडे पाहिलं. तो उठला आणि बाहेर गाडीपाशी जाऊन उभा राहिला.

पुढचं मला मुरिएलने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पर्सी त्यांच्या घरी आला. हातात सायडरच्या तीन बाटल्या. रॅल्फपुढे तीन पेले मांडले, ओतले, आणि म्हणाला, "पी." तिसऱ्या बाटलीत बुरशी धरलेल्या पिंपातलं होतं. मुरिएलने दारातूनच नाकावर हात धरला. रॅल्फने तिन्ही पेले रिकामे केले.

"हे आंबट आहे," तो म्हणाला. "हे जरा कमी. आणि हे थंड आहे."

पर्सी खुर्चीवर बसला. "कधीपासून?"

"बागेत शिडीवरून पडलो तेव्हापासून. डोकं मागे आपटलं होतं."

"तेव्हा तर म्हणालास, डोकं दुखतंय फक्त."

"दुखतही होतं."

मग रॅल्फने सांगितलं, इतक्या वर्षांत मुरिएलशिवाय कुणाला न सांगितलेलं. जिभेला गोड-आंबट-खारट कळायचं, बाकी सगळं गेलं. डॉक्टर म्हणाला, कदाचित येईल परत. रॅल्फने वाट पाहिली. रोज सकाळी कॉफीच्या डब्यात नाक खुपसून बघायचा. पण वास आला नाही. त्या हंगामात एक पिंप तपासून त्यानेच चांगलं म्हणून पुढे दिलं. ते आतून कुजलेलं होतं. भरलेलं सगळं सायडर ओतून द्यावं लागलं. बापाला वाटलं, पोराने पिंप धुतलंच नाही, आळस केला. रॅल्फने तसंच वाटू दिलं, आणि पुढच्या हंगामाच्या आत निघून गेला.

"बाबा मरेपर्यंत म्हणत होते, तुला मातीची लाज वाटते," पर्सी म्हणाला.

"माहीत आहे मला."

"आणि तू म्हणू दिलंस."

"त्या घरात नाक नसलेल्या माणसाचं काय काम होतं, पर्सी?"

"झाडं छाटायचं काम होतं," पर्सी म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "वास मी घेतला असता, बाकीचं तू केलं असतंस. अर्धं वर्ष तरी मला माझ्या रंध्याकडे जाता आलं असतं. हे तू कधी मनात आणलंस?"

रॅल्फ म्हणाला, नाही. पर्सी टोपी तिथेच विसरून निघून गेला.

गावात बातमी फिरायला वेळ लागला नाही. बहुतेकांनी हसण्यावारी नेलं. बेकरीवाला क्लेमंट हॉडनेट मात्र मनाला लावून घेऊन, पिठाचा अंगरखा न काढताच चौकात आला. मी दुकानाचं दार उघडंच ठेवलं.

"इतकी वर्षं माझ्या पोर्क पायचं कौतुक केलंस," तो म्हणाला. "लोकांना माझ्याकडे पाठवलंस. आणि तुला त्यातलं काही कळतच नव्हतं?"

रॅल्फने त्याला शेजारी बसायला जागा केली. "माझं कौतुक नव्हतंच ते, क्लेमंट. बसमधल्या माणसांचं होतं. जाताना भुकेली असायची, येताना खाऊन. आरशात सगळं दिसायचं मला. दुसऱ्या बेकरीचा पाय घेतलेली माणसं दोन घास खाऊन बोलायला लागायची. तुझा घेतलेली पुलापर्यंत बोलायची नाहीत. एक जण तर उतरायचंच विसरला."

क्लेमंट बाकावर टेकला. "कोण तो?"

"तो उंच, मेंढ्यांचे सौदे करणारा."

"हां, तो," क्लेमंट म्हणाला, आणि उठून भट्टीकडे गेला. त्याचं समाधान झालं असावं. निदान त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

पर्सीचं एवढ्यात मिटणारं नव्हतं. पानगळ संपेपर्यंत तो गावात दिसलाच नाही. रॅल्फ बाकावर बसायचा, पण कुणी विचारलं तर म्हणायचा, प्लाऊ बरा आहे, आणि गप्प व्हायचा. जेवून आलेल्यांना थांबवायचाही नाही. मग एका गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, पर्सी मंडपाखाली येऊन उभा राहिला. दाढी केलेली, चांगला कोट.

"ऊठ," तो म्हणाला. "जेवायला चल." मग दुकानाच्या दारात उभ्या माझ्याकडे वळून, "डिलिस, तूही ये. आम्ही दोघंच बसलो तर काय बोलायचं?"

आम्ही प्लाऊमध्ये खिडकीशी बसलो. पायची ताटं आली. पर्सीने सुरी घातली, वाफ निघाली. त्याने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

"कसा आहे?" रॅल्फने विचारलं.

"चांगलाय."

"चांगला म्हणजे कसा?"

"चांगला म्हणजे चांगला. पायसारखा."

रॅल्फने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलणार तोच पर्सीने हात वर करून मला थांबवलं. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या, नापास होत आलेल्या मुलासारख्या. तो वाकला, वाफेवर नाक नेलं, डोळे मिटले.

"सफरचंद आमचं नाही," तो शेवटी म्हणाला. "खालच्या बागेतलं आहे. ओल्या पोत्यात ठेवलेलं. आणि कांदा आधी लोण्यात परतलाय, जरा जास्तच. कडेला..." तो अडखळला. "कडेला लाकूड तासताना येतो ना, तसा वास आहे. भाजलेल्या पिठाचा. ओकचा नव्हे, ॲशच्या लाकडाचा."

"जायफळ आहे?"

"असेल. जायफळाचं काय विचारतोस? लाकडाचं सांगतोय ना मी."

रॅल्फने घास घेतला आणि सावकाश चावला. भावाने सांगितलेलं तोंडात शोधत असावा असं मला वाटलं. सापडलं की नाही, ते मी विचारलं नाही. पर्सीने मात्र त्यानंतर काही मागं ठेवलं नाही. बिअर चाखली, मोहरीची चटणी चाखली, शेजारच्या टेबलावरचं सूप मागून हुंगलं आणि ते भिजलेल्या कुत्र्यासारखं आहे असं मोठ्याने जाहीर केलं. मालकीणबाईंना ते आवडलं नाही.

तेव्हापासून दर गुरुवारी दोघं एकत्र जेवतात, दर वेळी वेगळ्या ठिकाणी. राग गेला असं मी म्हणणार नाही. सुताराच्या दुकानावरून जाताना पर्सी अजून गप्प होतो, आणि रॅल्फ त्याला बोलतं करायला जात नाही. पण बाकावर आता दोघं असतात, आणि सल्ला मिळवणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात बर्मिंगहॅमहून एक कुटुंब आलं. आई, बाप, दोन मुली. बापाने जेवणाचं विचारलं. रॅल्फने मुलींकडे पाहिलं आणि म्हणाला, पुलाजवळ, बदकं आहेत. पर्सी म्हणाला, तिथलं तेल शिळं आहे, या आठवड्यात नाही. रॅल्फ म्हणाला, मुलींना तेलाचं काय, बदकं बघतील. पर्सी म्हणाला, बदकं काय ताटात येतात? मग दोघंही पाहुण्यांना विसरून आपसातच बोलू लागले. बिचारा बाप थोडा वेळ दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला, मग त्याने बायकोला खूण केली आणि ते हळूच सटकले. चौकाच्या कोपऱ्यावर मासे आणि चिप्सची गाडी उभी होती. चौघं कागदात बांधून घेऊन चर्चच्या भिंतीवर जाऊन बसले.

भाऊ दमून थांबले तेव्हा समोर कुणीच नव्हतं. पर्सी हसला. रॅल्फ मात्र बाकावरून उठला, मान वर करून त्यांना शोधलं, आणि रस्ता ओलांडून भिंतीपाशी गेला. धाकट्या मुलीपुढे गुडघ्यावर हात टेकून वाकला. मला त्याचे शब्द ऐकू आले नाहीत, पण तिने चिप्सचा तुकडा उंच धरून त्याला काहीतरी सांगायला सुरुवात केली होती.