ताठ स्प्रिंग आणि हिरामावशीचा अंगठा

स्प्रिंग मुठीत धरून थोडा वेळ बसलं, की तळहाताला लोखंडाचा एक ओलसर, किंचित आंबट वास लागतो आणि साबणाने हात धुतले तरी तो बोटांच्या पेरांत संध्याकाळपर्यंत रेंगाळत राहतो. सातपूरच्या आमच्या कारखान्यात माझं टेबल पूर्वेच्या खिडकीपाशी आहे. सकाळचं तिरपं ऊन त्यावर उतरलं, की खणात नमुन्यादाखल ठेवलेल्या लहानमोठ्या स्प्रिंगा अशा काही चमकतात, की पाहणाऱ्याला ते दागिनेच वाटावेत. बागकामाची अवजारं आखणं हा माझा पेशा. कुणी चुकून विषय काढलाच, तर स्प्रिंगांवर मी तासभर बोलू शकते, समोरच्याच्या जांभया दिसत असल्या तरी. गेले काही महिने मात्र तो वास हाताला लागला, की पहिली आठवण येते ती दिंडोरीच्या एका द्राक्षबागेची.

आमची द्राक्षछाटणीची कात्री बाजारात चांगली रुळलेली होती. तिच्यात साधी, गोल गुंडाळीची स्प्रिंग होती, मऊ स्वभावाची, दाबली की दबणारी आणि सोडली की हलकेच कात्री उघडून देणारी. तिचा दोष एकच, तो म्हणजे ती निसटायची. ऐन छाटणीत टुणकन उडून काळ्या मातीत अशी काही गडप व्हायची, की शोधणाऱ्याच्या नाकी नऊ यावेत. बाया मग तिला दोऱ्याने नाहीतर चिंधीने मुठीशी बांधून ठेवत. दुकानदारांकडून येणाऱ्या तक्रारींत तेच ते, स्प्रिंग पडते, स्प्रिंग हरवते. हात दुखतो अशी तक्रार मात्र कधीच आली नाही, कारण तक्रार करतो तो कात्री विकत घेणारा; जिच्या हातात ती दिवसभर असते, तिला तक्रारीचा कागद कुणी दाखवलेलाही नसतो. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. मी काही परकी नव्हे, माझं आजोळच दिंडोरीचं.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. एक होती पोलादी पट्टी शंखासारखी गुंडाळून केलेली स्प्रिंग, जागेवर नीट बसणारी आणि हाताला सौम्य, पण बनवायला किचकट. दुसरी पिळाची, म्हणजे कपड्याच्या चिमट्यात असते तशी, दोन पाय फाकलेली, कात्रीच्या खिळ्यातच अडकवून टाकलेली. ती पडण्याचा प्रश्नच नाही. मी पिळाची निवडली. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण ती मोडू नये म्हणून मी तार जाड घेतली. तारेची जाडी नखभरही वाढवायची गरज नसते, केसभर वाढवली तरी तिचा ताठपणा कितीतरी वाढतो, हे मला पाठ होतं. यंत्रावर लावून ती आम्ही रात्रंदिवस उघडझाप करवली. ती ना मोडली, ना थकली. मी सगळ्यांना चहा पाजला आणि वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

राहिली होती ती बागेतली चाचणी. चैत्रातल्या खरड छाटणीचे, म्हणजे फळं उतरल्यावर वेली खरडून काढायचे दिवस होते. मामाच्या बागेत मी नवी कात्री घेऊन पोचले तेव्हा सात वाजून गेले होते; जुन्या काड्या कापल्याचा कडवट हिरवा वास हवेत भरला होता, आणि मांडवाखाली उजेडाचे ठिपके बायांच्या पाठींवरून सरकत होते. पेठकडच्या डोंगरातून दर हंगामाला मजूर बायांची जी टोळी मामाकडे येते, तिच्यातली हिरामावशी माझ्या लहानपणापासूनची. मला कडेवर घेऊन तिने बाग दाखवलेली. छाटणीत तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नाही, असं मामा अजून कौतुकाने सांगतो. साहजिकच मी कात्री तिच्याच हातात दिली. तिने ती कपाळाला लावली, पहिल्या वेलीच्या काड्या सपासप उतरवल्या, दुसऱ्या वेलीशी जरा थांबली आणि मूठ उघडमीट करत म्हणाली, “ताई, ही उलटी ढकलती गं हाताला.”

“नवी आहे ना मावशी, ताठ असणारच. होईल सवय,” मी म्हणाले.

“व्हईल, व्हईल. तू केलीस म्हंजे बरीच आसंल,” ती हसली आणि पुढच्या वेलीकडे वळली.

ऊन चढायला लागलं होतं, माझं डोकं ठणकत होतं, आणि मामीने न्याहारीला हाक मारली. थालीपीठ, लोणी, वर ताक. पोट भरल्यावर बागेत परत जायचं माझ्या जिवावर आलं आणि कात्री हिरामावशीकडेच सोडून मी तशीच गाडी काढून गंगापूर रोडच्या घरी आले, पंखा लावून निजले. दुसऱ्या दिवशी भरायच्या चाचणीच्या कागदावर एक रकाना होता, वापराचा कालावधी. त्यात मी ‘पूर्ण दिवस’ असं लिहिलं. प्रत्यक्षात मी दीड तास होते. शेजारच्या रकान्यात लिहिलं, ‘वापरणारी समाधानी’. अक्षर अगदी सुवाच्य आलं होतं. आजही तो कागद डोळ्यांपुढे येतो तेव्हा त्या अक्षराचीच मला जास्त लाज वाटते.

पावसाळा गेला, फळं धरण्यासाठीची गोडी छाटणी आली आणि कात्र्या धडाधड गेल्या. स्प्रिंग पडल्याची तक्रार नाही. मालक खूश, मी हवेत. मग डिसेंबरात, मामीच्या तब्येतीची चौकशी करायला मी फोन केला तेव्हा मामा सहज बोलून गेला, “अगं, आपल्या हिराचा अंगठा धरलाय. तुझ्याच कात्रीने छाटणी करत होती, संपता संपता आखडला तो आखडलाच. घडातले मणी विरळायची बारकी कात्रीसुद्धा चालवता येईना. पानं वेचायला बसवलीय तिला. वय झालं आता बिचारीचं.” मी हो हो म्हणत फोन ठेवला. वय! माझ्या आईहून ती दोन-तीन वर्षांनी लहानच असेल.

त्या रविवारी मी एक वेडा प्रयोग केला. माझीच कात्री घेऊन सकाळी गच्चीत बसले आणि काही न कापता, नुसती रिकामी उघडमीट करत राहिले. वेलीची काडी कापायला जोर लागतो तो लागतोच, पण ताठ स्प्रिंग प्रत्येक कापाआधी आपला वेगळा वाटा मागते, हे गणित मी कागदावर शेकडो वेळा केलं होतं. हातावर कधीच केलं नव्हतं. तासाभरात अंगठ्याच्या मुळाशी कळ आली. दुपारच्या जेवणात मला पोळीचा तुकडा मोडेना. हिरामावशीने असे किती आठवडे काढले असतील, या विचाराने मी ताट बाजूला सारलं. आणि मी किती उपाशी राहिले? एक जेवण. वा रे वा, केवढं प्रायश्चित्त!

सोमवारी मालकांपुढे जाऊन खरं ते सांगितलं, दीड तासाचं, न्याहारीचं, सगळं. त्यांनी चाचणीचा तो कागद फायलीतून काढून समोर ठेवला. मग म्हणाले, “मॅडम, तुमच्या सहीवर मी डोळे मिटून माल काढला.” ओरडले असते तर बरं झालं असतं. पुढचा माल शंखाच्या स्प्रिंगचा काढायचा आणि गेलेल्या कात्र्या दुकानांतून परत मागवून बदलून द्यायच्या असं ठरलं. पण कात्री परत मागवता येते, अंगठा नाही.

त्याच आठवड्यात दिंडोरीला गेले. धुकं नुकतंच विरत होतं, घडांवर दव होतं, आणि टोळीतल्या बाया मांडवाखाली मणी विरळत गप्पा मारत होत्या. हिरामावशी मात्र बांधावर एकटीच, पाटी पुढ्यात घेऊन पानं गोळा करत बसलेली. मला पाहताच तिने उजवा हात पदराखाली घेतला.  वाटेभर घोकलेलं सगळं विसरून मी नुसती तिच्या शेजारी मातीत बसले आणि म्हणाले, “मावशी, हात दाखवा.”

“काय दाखवू? गेला कामातनं. टोळीवाला म्हनतो, पुढच्या सालाला तू गावीच ऱ्हा. चाळीस बायांत मी पयली असायची, ताई. आता देवानंच हात काढून घेतला, काय करायचं?”

अंगठा वाकलेला होता. तिने दुसऱ्या हाताने तो सरळ केला तेव्हा आत कट् असा आवाज झाला आणि ती बारीकशी कण्हली. मी रडत होते बहुतेक, कारण ती माझ्याकडे चमकून पाहायला लागली. मग मी सगळं सांगून टाकलं. स्प्रिंग मी निवडली, तार जाड मी घेतली, तुम्ही सांगितलंत ते मी ऐकलं नाही, दिवसभर थांबलेही नाही. देवाने काही केलेलं नाही, तुमच्या हातालाही काही कमी नव्हतं, कात्री वाईट होती आणि ती मी केली. नाशिकच्या डॉक्टरांकडे उद्याच जायचं, मी नेते, असंही बोलले. बोलताना मान खाली होती. आता ती काय म्हणेल, तोंडावर बोलेल, की मामाला हाक मारेल, सगळं ऐकून घ्यायची मी तयारी करून आले होते.

तिने आपला अंगठा उलटसुलट करून पाहिला. मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, “म्हंजे माझा हात वाईट नव्हता?”

“नव्हता, मावशी.”

ती उठली. पाटी कलंडली, पानं बांधावर सांडली, तिकडे तिचं लक्षही गेलं नाही. मांडवाकडे तोंड करून, तो आखडलेला हात उंच धरून तिने खणखणीत आवाजात हाक दिली, “आगं ए, ऐका गं! माझा हात चांगला हाय! कात्रीच खोटी व्हती! ही ताई सांगती, हिनंच केली व्हती!” बायांची तोंडं घडांआडून एकेक करत बाहेर आली, कुणी हसलं, कुणी टाळी दिली, आणि हिरामावशी लग्नघरात मिरवावं तशी त्यांच्याकडे चालत निघाली. तिच्या आनंदात माझ्यासाठी राग नव्हता, क्षमाही नव्हती. मी तिथे आहे, हेच ती विसरून गेली होती. मी बांधावर बसून सांडलेली पानं पाटीत भरत राहिले.