दलदलीकाठचं पान

सकाळी आठच्या आत घर रिकामं व्हायचं. मुलगा सुमेध हॉस्पिटलला, त्याची बायको भाग्यश्री फार्मसीत. दोन गाड्या एकापाठोपाठ बाहेर पडत, गॅरेजचं दार आपोआप खाली येई, आणि न्यूझीलंडमधल्या टौरंगा शहराच्या कडेच्या त्या नव्याकोऱ्या वसाहतीत बाळासाहेब आणि फ्रिजची घरघर एवढंच मागे उरे. कऱ्हाडच्या पाणीपुरवठा खात्यात उभा जन्म काढलेला माणूस. तिथे नळाला पाणी आलं नाही की अर्धी गल्ली दारात. इथे चोवीस तास पाणी, म्हणून दारात कुणीच नाही.

त्यांची बायको सुलेखा गेल्या वर्षीच्या जुलैत, इथल्या थंडीत गेली. सहा महिन्यांसाठी म्हणून दोघं लेकाकडे आली होती. पोट जड वाटतं, जड वाटतं म्हणता म्हणता आजार हाताबाहेर गेला. शेवटी शेवटी तिला घास गिळता येत नव्हता. चमच्याने घातलेली पेजसुद्धा ओठांतून परत येई. माणसांना आग्रह करकरून वाढणारी ती बाई उपाशी गेली, हे बाळासाहेबांच्या मनातून काही केल्या जात नव्हतं. दहाव्याला ऑकलंडच्या पापाटोएटो भागातून भटजी आले. टौरंगात कावळा कुठला? पिंड ठेवून ताटकळण्यात अर्थ नव्हता. भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि संध्याकाळच्या आत ऑकलंड गाठायचं म्हणून निघून गेले. सगळं शास्त्रात बसणारं होतं. बाळासाहेबांच्या मनात मात्र बसलं नाही.

सुमेधनं तर आईचं नाव घेणंच सोडलं. जेवताना तो फोनकडे बघे, बाळासाहेब ताटाकडे. भाग्यश्री बिचारी हवापाण्यावर बोलून दोघांना सांभाळून घेई.

घरामागच्या कुंपणापलीकडे उतार होता, आणि खाली पाणकणसांची दाट दलदल. ऑगस्ट सरता सरता तिथे घारीसारखे दोन पक्षी घिरट्या घालू लागले. हातात काम नसलेल्या माणसाला तेवढं पुरतं. बाळासाहेबांनी खुर्ची मागच्या खिडकीशी ओढली. शेजारचा ग्रॅहम, बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेला, त्याने कुंपणावरून सांगितलं, हे काहू. हळू बोल, ती मादी खाली घरटं बांधतेय. माणूस जवळ गेला तर सोडून जाईल.

मग बाळासाहेबांचे दिवस काहूच्या संसारात जाऊ लागले. मादी खाली बसून राही. नर दुरून यायचा, पायांत उंदराचं पिलू नाहीतर बेडूक. त्याने हाक दिली की मादी वर झेपावे. तो वरून शिकार सोडी आणि ती हवेतच उलटी होऊन ती झेलून घेई. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा बाळासाहेब एकटेच "वा!" म्हणाले, आणि सवयीने मागे वळून बघितलं. मागे सोफा होता. आपण आयुष्यात कधी बायकोला बसल्या जागी काही आणून दिलं का, हा विचार तेव्हा आला आणि दिवसभर मानगुटीवर बसला.

पितृपक्षात सुलेखाची तिथी आली. भाग्यश्रीनं अर्धी रजा काढून खीर, वडे, गवार-भोपळा असं सगळं यथासांग केलं. पान कुठे ठेवायचं, हा प्रश्न उरला. मागच्या अंगणात ठेवलं तर साळुंक्या आणि शेजारचं मांजर. बाळासाहेबांनी कागदी पत्रावळ उचलली आणि ते उतरून दलदलीच्या काठी गेले. घरट्यापासून बेतानं लांब, उंच गवतात त्यांनी पान ठेवलं, हात जोडले आणि मादी बिथरायला नको म्हणून मागे न बघता परत आले.

दुसऱ्या दिवशी पत्रावळ स्वच्छ. शीत नाही. आणि दुपारी खिडकीतून त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, नर काहू घिरटी घालत आला आणि नेमका त्याच गवतात उतरला.

शिकार करून खाणारा पक्षी वडे खातो का, हा प्रश्न बाळासाहेबांना पडला नाही असं नाही. पडला, पण त्यांनी तो तिथेच पडू दिला. वर्षभरानंतर माणसाच्या घशाखाली धड घास उतरत असेल तर असे प्रश्न कोण उचलतो?

रात्री जेवताना ते म्हणाले, "आई जेवली रे."

सुमेधनं फोन खाली ठेवला. "म्हणजे?"

"पान ठेवलं होतं खाली. काहू उतरला. सगळं संपवलं."

सुमेध म्हणेल, बाबा, असं काही नसतं, असं वाटलं होतं. तो डॉक्टर, कशाचंही कारण विचारणारा. पण तो एवढंच म्हणाला, "वडेपण?"

"वडेपण."

सुमेधनं मान हलवली आणि बऱ्याच दिवसांनी भात परत मागून घेतला.

पक्ष संपला तरी बाळासाहेबांनी पान थांबवलं नाही. सगळे गेले की ते कुकर लावत. तूप-भात, गुळाची पोळी, एकदा साबुदाण्याची खिचडी, कारण ती तिला जिवापाड आवडे. लसूण सोलता सोलता ते तिच्याशी बोलतही. रोज पान रिकामं होई, रोज संध्याकाळी सुमेध दारातूनच विचारी, "आज काय केलं होतं?" बापलेकांत बोलायला एक विषय झाला. भाग्यश्री म्हणाली, "बाबा, तुमचा चेहरा किती सुधारलाय!" खरंच सुधारला होता.

ऑक्टोबरात एके सकाळी मादी घरट्यावर नव्हती. नर आला, त्याने हाक दिली. खालून कुणी वर आलं नाही. तो तिचा घास पायांत धरून कितीतरी वेळ गोल गोल फिरत राहिला आणि शेवटी निघून गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा ग्रॅहम गमबूट चढवून दलदलीत शिरला. बाळासाहेब काठावर थांबले. तो परत आला तेव्हा त्याच्या तळहातावर अंड्यांच्या पांढऱ्या कवचांचे तुकडे होते.

"स्टोट," तो म्हणाला. मुंगसासारखं लांबट, चपळ जनावर. उंदरांच्या मागावर येतं आणि मग वाटेत सापडतील ती अंडीही खातं. पण उंदीर एवढे इथे आले कसे, हे त्याला कळेना. त्याने गवत बाजूला केलं. खाली उंदरांच्या वाटा पडल्या होत्या, लेंड्यांचा खच होता, आणि सगळ्या वाटा जिथे मिळत होत्या तिथे बाळासाहेबांची कालची पत्रावळ होती. कडा कुरतडलेली.

कुणीतरी मूर्ख इथे अन्न टाकतोय, ग्रॅहम चिडून म्हणाला.

बाळासाहेबांना गप्प बसता आलं असतं. त्यांनी छातीवर बोट ठेवलं. "मी. फूड. फॉर माय वाइफ."

गेल्या वर्षी ॲम्ब्युलन्स आली तेव्हा ग्रॅहम रस्त्यावर उभा होता. त्याने ती कवचं हळूच पाण्यात सोडली आणि म्हणाला, "यू वेरन्ट टू नो, मेट." तुला कसं कळणार होतं. सापळे आणतो म्हणाला आणि गेला.

बाळासाहेब तिथेच ओल्या गवतात बसले. म्हणजे जेवलं कोण? तूप-भात कुणी खाल्ला, खिचडी कुणी खाल्ली? नर काहू त्या गवतात कशासाठी उतरत होता, हेही आता सरळ दिसत होतं. तो उंदीर धरायला उतरत होता. बायकोच्या नावाने आपण उंदीर पोसले, उंदरांनी काळ बोलावला, आणि घरट्यात बसलेल्या त्या दुसरीचा संसार बुडाला. सुलेखा होती तशीच उपाशी. त्यांना मोठ्याने रडू आलं. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी ते आवरलंही नाही.

त्या संध्याकाळी ते भांडी विसळत होते. सुमेध आला आणि कपडे न बदलता तसाच ओट्याशी उभा राहिला.

"बाबा, उद्या मला सुट्टी आहे. मी येतो तुमच्याबरोबर पान ठेवायला. चालेल ना?"

बाळासाहेबांनी हातातलं ताट विसळून पालथं घातलं.

"आई महिनाभर सांगत होती पोट जड वाटतंय म्हणून," सुमेध म्हणाला. त्याचा आवाज लहानपणीसारखा झाला होता. "मी तिला ॲसिडिटीची गोळी दिली. इतरांच्या आयांना तपासतो मी रोज. स्वतःच्या आईच्या पोटाला हात लावून बघितला नाही. वर्षभर झोप नव्हती मला. तुम्ही सांगितलंत ती जेवली, त्या रात्रीपासून लागतेय. हसू नका मला. खरंच सगळं संपवलं होतं ना तिने?"

नळ वाहत होता. बाळासाहेबांनी तो बंद केला.

"सगळं," ते म्हणाले. "शीतसुद्धा ठेवलं नाही."

"मग उद्या आपण..."

"उद्या नको. आता पान ठेवायचं नाही. पोट भरलं तिचं. तृप्त झालेल्या माणसाला पुन्हा पुन्हा बोलावू नये."

सुमेधनं बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तो हुंदके देऊन रडला. बाळासाहेब ओला हात त्याच्या पाठीवरून फिरवत राहिले. खरं काय ते या घरात आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. जिला सांगता आलं असतं, तिच्याच नावाचं ते पान होतं.