आईचा नंबर

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना मी दिसतो, ताई दिसत नाहीत. मी काउंटरवर फ्रेमा दाखवतो, त्या मागच्या खोलीत काचा घासतात. बावीस वर्षं झाली. काच केसभर फिरली तरी माणूस जिन्यावर पायरी चुकतो, म्हणून ताईंना तिरकं काही चालत नाही. काचेतही नाही, बोलण्यातही नाही.

हातातलं काम संपलं की दुसरं सुरू करण्याआधी त्या दोन मिनिटं कविता लिहायच्या. प्रत्येक ऑर्डर कागदी पाकिटात येते, वर तारीख आणि डोळ्यांचा नंबर. रिकामी पाकिटं आम्ही फेकायचो, ताई त्यांच्या पाठीवर लिहायच्या. मला कवितेतलं ओ की ठो कळत नाही. पण आईवरची कविता त्यांनी वाचून दाखवली, तेव्हा मी उगाच फडकं धुवायला मोरीकडे गेलो.

आईचा नंबर वाढत गेला,
मी धूसर होत गेले.
काच माझ्याच हातची,
तरी तिनं विचारलं,
कोण आलंय?

त्यांची भाची एका वकिलाकडे टायपिंग करते. तिनं मावशीला मोबाइलवरच्या एका कवितांच्या ग्रुपमध्ये घातलं. दीडेकशे हौशी मंडळी आणि त्यांच्यावर एक सर, कॉलेजातून निवृत्त झालेले. सरांनी ताईंना वेगळा निरोप पाठवला, "ग्रुपवर टाकण्याआधी मला दाखवत जा, मी हात फिरवून देतो." ताई हरखल्या. तीन वर्षं इमानाने दाखवत राहिल्या.

मग एका दुपारी एक आजोबा वाचायचा चष्मा न्यायला आले. दिसतंय का ते बघायला त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि मोठ्याने वाचायला लागले, "तिचा नंबर वाढत गेला, मी धूसर होत गेलो..."

मागचं मशीन थांबलं. ताई ओल्या हातांनी बाहेर आल्या.

"आजोबा, परत वाचा."

त्यांनी वाचलं.

"'तिचा' नाही. 'आईचा'."

"छे हो, प्रेमकविता आहे ही. आमच्या मित्राचं पुस्तक आहे, परवाच सही करून दिलंय."

मुखपृष्ठावर सर गालाला हात लावून बसले होते. आत ताईंच्या अकरा कविता निघाल्या. हात फिरवतो म्हणाले आणि हात मारला!

मला वाटलं ताई रडतील. त्या आत गेल्या, उरलेले तीन चष्मे पुरे केले, एकही काच वाया घालवली नाही. मग मला म्हणाल्या, "रविवारी माझ्याबरोबर चला. एकटी गेले तर मी त्यांच्या घरातलं काहीतरी फोडेन."

सरांनी आम्हाला बसवलं, चहा मागवला. ताईंनी टीपॉयवर पाकिटं मांडली. सरांनी त्यांकडे पाहिलंच नाही.

"अहो, कविता ग्रुपवर टाकली की ती सगळ्यांची होते."

"मग पुस्तकावर सगळ्यांचं नाव कुठंय?"

"तुमचा कच्चा माल होता. संस्कार मी केले. खरं तर तुम्हाला अभिमान वाटायला हवा."

"आणि माझ्या आईचं काय केलंत?"

"वाचकाला प्रेयसी जवळची वाटते," सर हसून म्हणाले. "आईवरच्या कविता फार झाल्यात."

ताई उठल्या. आवाज चढला नव्हता, पण मी हातातली बशी खाली ठेवली. "कविता चोरली असतीत तर चोर म्हणून सोडून दिलं असतं. तुम्ही माझ्या आईला तिच्याच कवितेतून हाकलून दिलंत. तिच्या जागी कुणाला बसवलंत, हो? शेवटी तिला भिंत दिसत नव्हती, दार दिसत नव्हतं. हात धरून मोरीपर्यंत मी न्यायचे. तेव्हा तुमची प्रेयसी कुठे होती?"

चहा तसाच राहिला.

त्या संध्याकाळी ताईंनी ग्रुपवर फोटो टाकले, डावीकडे पाकीट, उजवीकडे पुस्तकाचं पान. दीडशे जणांत एकानेही तोंड उघडलं नाही. बारा जणांनी खासगीत हात जोडल्याची चित्रं पाठवली. एकीनं लिहिलं, 'तुमचं बरोबर आहे, पण सरांचं वय बघा.' तासाभरात ताईंना ग्रुपमधून काढून टाकलं. कारण काय, तर वातावरण बिघडवलं. ज्याने बिघडवलं तो तिथेच गादीवर बसलेला!

भाची पाकिटं घेऊन तिच्या वकिलांकडे गेली. ते म्हणाले, "लिहिलं त्या क्षणी हक्क लिहिणाऱ्याचा होतो. प्रश्न फक्त सिद्ध करण्याचा असतो, आणि या बाईंकडे तर अकराच्या अकरा तारखा आहेत." नोटीस गेली. सरांचं उत्तर आलं, पुढच्या आवृत्तीत ऋणनिर्देश करू. ताईंनी तो कागद चार ठिकाणी फाडला. दुसरी नोटीस प्रकाशकाला गेल्यावर पुस्तक विक्रीतून काढलं गेलं. पण सह्या करून वाटलेल्या प्रती कोण परत आणणार? त्या अजून लोकांच्या कपाटांत आहेत. जाहीर माफी तर सोडाच, सरांनी ग्रुपवर दोन ओळी खरडल्या नाहीत.

"आता मीच छापते," ताई म्हणाल्या.

बिलबुकं आणि हँडबिलं छापणाऱ्या एका प्रेसवाल्याकडे आम्ही गेलो. त्याने आयुष्यात कवितेचं पुस्तक छापलं नव्हतं.

"प्रस्तावना कोणाची?"

"कोणाची नाही."

"निदान एखाद्या जाणकाराकडून नजर तरी..."

"नजरेचं काम मी करते. तुम्ही शाईचं बघा."

पहिलं प्रूफ आलं. एका कवितेत ताईंनी काचेचा 'अक्ष' लिहिला होता, प्रेसवाल्याने चूक समजून 'अक्षर' केलं होतं. त्या दिवशी त्या गरीब माणसाने सरांच्या वाटचंही ऐकून घेतलं. नंतर तो शब्दाला हात लावण्याआधी फोन करायचा, स्वल्पविरामासाठीसुद्धा.

पुस्तक साधंच झालं. प्रत्येक कवितेखाली तारीख, पहिल्याच पानावर ताईंचं पूर्ण नाव, आणि 'सर्व हक्क लेखिकेचे' ही ओळ इतक्या मोठ्या टायपात की आमच्या गिऱ्हाइकांना ती चष्म्याशिवाय वाचता येते. दोनशे प्रती. दुकानाच्या मालकांनी काउंटरवर ठेवायला जागा दिली. महिन्याला तीन-चार खपतात.

ताई नव्या कविता मोबाइलवर टाकतात, पण स्वतःच्या पानावर, नाव आणि तारखेसकट. मागच्या महिन्यात कुणीतरी त्यातली एक कविता नाव कापून फिरवली. ताईंनी जेवण अर्धवट टाकून त्याच्या पोस्टखाली असं काही लिहिलं, की त्याने पोस्ट काढली आणि बहुतेक मोबाइलही बदलला असेल. भाची म्हणते, "मावशी, किती चिडशील? बीपी वाढेल." ताई म्हणतात, "वाढू दे."

परवा एक बाई दुकानात आल्या. फ्रेमा बघितल्या नाहीत, सरळ पुस्तक उचललं आणि ताईंना भेटायचं म्हणाल्या. मी ताईंना बाहेर बोलावलं.

"मी त्या ग्रुपमध्ये होते," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी लिहिणार होते हो मी. पण कुणीच काही बोलेना, म्हणून..."

ताईंनी पुस्तक कागदात बांधून त्यांच्या हातात दिलं.

"तुम्ही कविता लिहिता?"

"लिहिते थोड्या."

"सरांना दाखवता?"

बाईंनी मान खाली घातली.

"तारखा लिहून ठेवा," ताई म्हणाल्या आणि आत गेल्या. शाळेतल्या एका मुलीचा चष्मा संध्याकाळपर्यंत द्यायचा होता.