थर्माकोलच्या खोक्यातला कढीपत्ता

लाकडी पॅलेटची मांडणी, पाइपांवर ताणलेली हिरवी जाळी, ठिबकच्या नळ्या आणि गाडीच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यातून घडवलेलं खुरपं. मंडळी, इथे कुवेतमध्ये, फरवानियातल्या आमच्या गच्चीवरचं हे सगळं मी स्वतः केलंय, कुणाकडेही न शिकता.

तरी कढीपत्ता फोफावलाय तो शेजारच्या देशपांडेचा. बँकेतला माणूस, खुरपं कसं धरतात तेही ठाऊक नाही. मासे न खाणाऱ्या या माणसाने शर्कच्या मासळीबाजारातून थर्माकोलचं खोकं आणलं आणि त्यात रोप खोचलं, बस.

आज माझ्याच बायकोने फोडणीला त्याच्याकडून पानं आणली. आमटी छान झाली, हे जास्त लागलं.

दुपारी गच्चीवर जाऊन मी दोन्हीकडे मातीत बोट घालून पाहिलं. माझा कढीपत्ता लावलेल्या पत्र्याच्या डब्यात चटका बसला, त्याच्या खोक्यात माती गार होती. हे मला आधी सुचायला हवं होतं.

तेवढ्यात देशपांडे वर आला. “सावंतकाका, तुमच्यासारखी जाळी मलाही करून द्या ना. उन्हाने शेंडे करपायला लागलेत.”

तुम्ही दिली असती करून? खरं सांगा.

वीस दिनार देत होता. तरी मी नाही म्हटलं.