सरकी, बोंड्या आणि मधली जाळी

दिवाळीच्या पाडव्याला, घाटंजीच्या आमच्या घरी, मी सासूबाईंवर चिडले... आणि तेही सशांवरून!

झालं असं, की उन्हाळ्यात माझ्या भावानं आमच्या अन्वीसाठी दोन ससे आणले. "दोन्ही माद्या आहेत, टेन्शन नको," असं छातीठोक सांगितलं. पांढरेशुभ्र, म्हणून लेकीनं नावं ठेवली सरकी आणि बोंडी. कापूसवाल्यांची नात, दुसरं काय सुचणार!

गणपती झाले आणि बोंडीबाई सरकीच्या मागे मागे फिरायला लागल्या... जरा जास्तच. मी तिला मांडीवर उताणी घेऊन नीट पाहिलं. शंकेला जागाच नव्हती. बोंडीचा बोंड्या झाला.

गल्लीत बुकिंग सुरू झालं. "एक पिल्लू आमच्यासाठी ठेवजा वो!" मी सगळ्यांना सरळ नाही म्हटलं. सशीण एका खेपेला सहा-सात पिल्लं देते आणि व्याली की लगेच पुन्हा गाभण राहू शकते. लोकांची हौस चार दिवसांची... मग ती पिल्लं जाणार कुठे?

बोंड्याचं कळलं त्याच दुपारी पिंजऱ्यात मधोमध जाळी ठोकली. डॉक्टरांनी सरकीचं पोट तपासलं, नशिबानं अजून काही नव्हतं. दसऱ्याच्या सुमारास बोंड्याची यवतमाळला नसबंदी करून आणली. तरी दीड महिना वेगळेच ठेवा, तोवर पिल्लं होऊ शकतात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरात मी ते सगळ्यांना सांगून सांगून थकले.

यंदा आमच्याकडे दिवाळी नव्हती. पाडव्याला शेजाऱ्यांच्या फराळाचे डबे परत करून आले तर... जाळी बाजूला, दोघं एकमेकांना चिकटलेले आणि बोंड्याच्या कपाळावर कुंकू! आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सरकीच्या वतीनं अन्वीला त्याला ओवाळायला लावलं होतं.

मी आधी दोघांना वेगळं केलं आणि मग तोंड सोडलं. इतकी मेहनत पाण्यात घातली वगैरे बरंच बोलले. आईंनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, "जाळीतून एकमेकाकडे पाहून राह्यले होते. आज पाडव्याचं मले नाही पाहवलं माय."

बाबा, म्हणजे माझे सासरे, गेल्यानंतरचा हा आईंचा पहिला पाडवा. सकाळपासून ते सगळ्यांच्या मनात होतं, पण कोणीच त्यांच्याजवळ जाऊन बसलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

जाळी मात्र मी परत लावलीच! फक्त दोघांचं गवत जाळीला लागून ठेवलं, खाताना नाकाला नाक लागेल असं. आणि आईंसोबत तिथेच चहा घेऊन बसले. बाबांच्या कितीतरी आठवणी निघाल्या.

पुढचा महिनाभर माझी नजर सरकीवर. पिल्लांच्या घरट्यासाठी पोटाचे केस उपटते का, तोंडात गवत गोळा करते का... काही नाही! हुश्श.

परवा जाळी आईंच्याच हातानं काढली. त्यांनी कोथिंबिरीची जुडी बोंड्यासमोर धरली, "घे, सरकीले ओवाळणी दे. तुही पाडव्याची बाकी होती."

अर्धी जुडी त्यानं स्वतःच फस्त केली... आणि आई कितीतरी महिन्यांनी खळखळून हसल्या.